न्यू जर्सीतलं आमचं लिटल इंग्लंड

"अमेरिकेत गेल्यावर पहिली पाच वर्षं काय केलंस?" असं कोणी विचारलं की मी सांगते, "इंग्लंडमध्ये होते!"

समोरचा माणूस एकदा माझ्याकडे बघतो, एकदा माझ्या नवऱ्याकडे. प्रशांत शांतपणे मान हलवतो. "खरंय यार. मी न्यू जर्सीत होतो, ही इंग्लंडमध्ये."

आयसेलिनच्या साड्यांच्या दुकानांपासून चाळीस मिनिटांवर नदीकाठी एक छोटं शहर आहे. तिथे एक बंद पडलेली कापडाची मिल आणि तिच्याभोवती लाल विटांची, एकमेकांना खेटून बांधलेली घरं. फार पूर्वी इंग्लंडच्या लँकेशायरमधून विणकर या मिलमध्ये कामाला आले, इथेच राहिले आणि वस्तीचं नाव पडलं लिटल इंग्लंड. मी पोचले तेव्हा त्यांच्यातली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. बाकी पोलिश, पोर्तो रिकन, आणि पुलापलीकडच्या क्लायंटकडे काम करणारे आमच्यासारखे आयटीवाले. नाव मात्र चिकटून राहिलं होतं.

मिलमध्ये काम करणाऱ्याच्या अंगावर कापसाची तुसं बसतात. तो काही ती गोळा करायला जात नाही. घरी येऊन शर्ट झटकला की कळतं, अरे बापरे, एवढी होती! माझ्या बाबांचा शर्ट आई रोज अंगणात झटकायची. माझ्याजवळचे लिटल इंग्लंडचे किस्से तसेच बसलेत अंगावर. आज जरा झटकते.

*

2003 साली मी एच-फोर व्हिसावर आले. म्हणजे नवऱ्याने नोकरी करायची आणि बायकोने करायची नाही, हे सरकारनेच ठरवून दिलेलं! नागपुरात मी शाळेत इतिहास शिकवायची. इथे सकाळी प्रशांत गेला की संध्याकाळपर्यंत मी आणि फ्रिजचा आवाज. ड्रायव्हिंग येत नव्हतं. चालत जाण्यासारखी एकच जागा होती, लायब्ररी.

लायब्ररी होती मिलच्या जुन्या ऑफिसात. मागच्या बाजूला एक मोठी खोली आणि दारावर पाटी, 'वस्तीचा इतिहास. मंगळवार आणि गुरुवार.' आत टेबलामागे एक म्हाताऱ्या बाई लोकरीचा कोट घालून ताठ बसल्या होत्या. त्या डोरोथी. वय एक्याऐंशी, जन्म याच वस्तीतला, आणि सगळी नोकरी इथल्याच शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवण्यात गेलेली. त्यांची नजर बघूनच मी मनातल्या मनात त्यांना डोरोथीबाई म्हणायला लागले.

काचेच्या कपाटात जुन्या वस्तू मांडल्या होत्या. त्यातली एक बघून मी थबकले. हातभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती, मधे खोबण असलेली लाकडी वस्तू. खाली कार्ड, 'लहान मुलाची खेळण्यातली होडी.'

मी मनात तीनदा वाक्य जुळवलं आणि म्हटलं, "एक्सक्यूज मी. ही होडी नाहीये. हे मागावरचं शटल आहे. आमच्याकडे याला धोटा म्हणतात. माझे वडील मिलमध्ये विणकर होते."

हे ऐकून लायब्रेरियन लिंडा धावत आली. लिंडा चाळिशीची, भयंकर उत्साही, बाहेरगावाहून बदलून आलेली. कार्डं तीच लिहायची. ती लालबुंद झाली. "डोरोथी! तुम्ही तर इथे जन्मलात. तुम्हाला माहीत होतं हे?"

"अर्थात."

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीत?"

"कोणाच्या लक्षात येतंय ते बघत होते." डोरोथीबाईंनी पाहुण्यांच्या वहीत मी लिहिलेलं नाव वाचलं आणि शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "बसा, मिसेस पराते. मंगळवारी येणार की गुरुवारी?"

मी दोन्ही दिवस जायला लागले.

*

आमचं घर म्हणजे त्या विटांच्या घरांपैकीच एकाचा खालचा मजला. दोन दगडी पायऱ्या उतरल्या की थेट फुटपाथ. पहिल्या दिवाळीला मी वरच्या पायरीवर रांगोळी काढली. नागपूरहून येताना आईने डब्यात भरून दिली होती. छोटीच, ठिपक्यांची.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी घरमालकाला फोन केला, "खालच्या बाईने पायरीवर पावडर सांडली आहे." घरमालकाने मला फोन केला. मी रडकुंडीला येऊन गुरुवारी डोरोथीबाईंना सांगितलं.

त्या लगेच उठल्या. कोट चढवला, काठी घेतली आणि माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आल्या. पायरीसमोर उभं राहून बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता तिसरीच्या वर्गासारखी बोलणी बसणार.

"किनार कुठाय?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"मिसेस पराते, मधलं ठीक आहे. पण पायरीला किनार पाहिजे."

मग कळलं. जुन्या काळी दर शुक्रवारी इथल्या बायका पायऱ्या घासायच्या आणि एका पांढऱ्या मऊ दगडाने त्यांच्या कडा रंगवायच्या. जिला हौस जास्त ती नक्षीसुद्धा काढायची. जिची पायरी मळकी, तिच्याबद्दल गल्लीभर कुजबुज! डोरोथीबाईंची आई यात पटाईत होती.

दुसऱ्या मंगळवारी डोरोथीबाईंनी कपाटाचं कुलूप काढलं, आतला पांढरा दगडाचा तुकडा उचलला आणि माझ्या हातात ठेवला. लिंडा ओरडली, "डोरोथी! त्याला नंबर दिलेला आहे! तो कॅटलॉगमध्ये आहे!"

डोरोथीबाईंनी कॅटलॉगची वही उघडली, त्या नंबरासमोर पेनाने लिहिलं, 'वापरात आहे', आणि वही मिटली.

*

या खोलीतला तिसरा माणूस म्हणजे हॅरल्डकाका. वय शहाऐंशी. सहा वर्षांचे असताना आईचं बोट धरून बोटीने इंग्लंडहून आले. वस्तीत अजून हयात असलेले, खुद्द इंग्लंडात जन्मलेले ते एकटेच. मिलमध्ये विणकर होते. रोज टाय लावून यायचे, कानांनी कमी ऐकायचे, आणि डोरोथीबाईंशी भांडायचे.

भांडण एकच होतं. कोपऱ्यावरचं फिश अँड चिप्सचं दुकान, जे कधीच बंद झालं होतं, ते चर्चकडून येताना डाव्या हाताला होतं की उजव्या? डोरोथीबाई म्हणायच्या, डाव्या. हॅरल्डकाका म्हणायचे, उजव्या. दोघांनी तिथे हजारदा खाल्लेलं. भांडण किती वर्षांचं, हे दोघांनाही आठवत नव्हतं. त्यावरही भांडण होतं!

एक दिवस कोणीतरी जुन्या फोटोंचा खोका आणून दिला. मी एकेक फोटो पुसत बसले होते आणि एकदम ओरडले, "दुकान! दुकान सापडलं!"

दोघंही माझ्या दोन्ही खांद्यांवरून वाकले. फोटोत चर्च, रस्ता, आणि स्पष्ट दिसत होतं, दुकान डाव्या हाताला. डोरोथीबाईंनी नुसता चष्मा काढला आणि पुसला. जिंकल्यावर त्या बोलत नसत.

हॅरल्डकाकांनी फोटो हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. मग दुकानावरच्या पाटीवर बोट ठेवलं. पाटीवरची सगळी अक्षरं उलटी होती! स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उलटी टाकून फोटो छापला होता.

हॅरल्डकाका म्हणाले, "डोरोथी, तुझ्या बाजूने साक्ष द्यायला फोटोलासुद्धा खोटं बोलावं लागलं!"

डोरोथीबाई एक आठवडा आल्या नाहीत. "सर्दी झाली होती," म्हणाल्या.

*

वस्तीच्या टोकाला एक मोठं मैदान होतं. रविवारी प्रशांत आणि त्याचे मित्र तिथे टेनिस बॉलने क्रिकेट खेळायला लागले. पुण्याचे दोघं, हैदराबादचे चार, एक लाहोरचा फास्ट बोलर. तीन रविवार मजेत गेले. चौथ्या रविवारी बेसबॉलवाल्यांनी तक्रार केली. पार्कच्या ऑफिसातल्या माणसाने सांगितलं, "या मैदानावर क्रिकेट अलाउड नाही. लिस्टमध्ये नाही."

प्रशांत घरी येऊन हे मला सांगत होता, आणि मी मंगळवारी सहज डोरोथीबाईंना सांगितलं. त्यांनी नुसतं, "अस्सं?" म्हटलं. मला तो 'अस्सं' आता ओळखू यायला लागला होता.

बुधवारी डोरोथीबाई, प्रशांत आणि मी पार्कच्या ऑफिसात. डोरोथीबाईंनी आधी एक फोटो टेबलावर ठेवला. पांढरे कपडे, भरघोस मिशा, हातात बॅटी, मागे तेच मैदान. मग त्यांनी एका जुन्या कागदाची कॉपी काढली. मिलमालकाने मैदान शहराला देताना केलेला करार. त्यात लिहिलं होतं, हे मैदान 'क्रिकेट आणि इतर सभ्य खेळांसाठी' कायम खुलं राहील.

तो माणूस दोनदा वाचून घाबराच झाला. "मॅडम, म्हणजे क्रिकेटला परमिशन लागत नाही. मग बेसबॉल... बेसबॉल सभ्य खेळात येतो ना?"

डोरोथीबाई उठता उठता म्हणाल्या, "तुमच्या टीमचा या वर्षीचा खेळ बघितलाय मी. विचार करून सांगते."

त्यानंतर रविवारी डोरोथीबाई घडीची खुर्ची घेऊन मॅच बघायला यायच्या. नियम त्यांना शेवटपर्यंत कळले नाहीत. पण लाहोरच्या बोलरने विकेट घेतली की सगळ्यात आधी त्याच टाळ्या वाजवायच्या.

*

2005 मध्ये, आमची ईशा वर्षाची असताना, आई गेली. मी बाबांना सहा महिन्यांसाठी घेऊन आले.

बाबांचं सगळं आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलेलं. कान जवळजवळ गेले होते. इंग्लिश येत नव्हतं. आई होती तोवर तीच त्यांच्या वतीने जगाशी बोलायची. इथे येऊन ते खिडकीजवळ बसले ते बसलेच. जेवायला बोलावलं की जेवायचे. "बाबा, बाहेर जाऊ या का?" म्हटलं की, "तू जाऊन ये पोरी."

हॅरल्डकाकांचीही एक वेगळीच गोष्ट होती. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी टेप करायचं काम माझ्याकडे होतं. दोन वर्षं मी टेप-रेकॉर्डर घेऊन त्यांच्यासमोर बसत होते. पाळलेल्या कबुतरांबद्दल बोलायचे, वस्तीतल्या बँडबद्दल बोलायचे. मिलबद्दल विचारलं की टायची गाठ नीट करायचे आणि म्हणायचे, "काम होतं. केलं." बस्स! खोलीच्या कोपऱ्यात मिलमधून आणलेला एक माग होता, गंजलेला. त्याच्याकडे ते कधी बघायचेसुद्धा नाहीत.

एका गुरुवारी मी बाबांना जवळजवळ ओढतच घेऊन गेले. ते दारातच थांबले. कोपऱ्यातल्या मागाकडे बघत राहिले. मग गेले, त्याच्याभोवती एक चक्कर मारली, एका पट्टीवरून हात फिरवला, बोटं हुंगली.

"याले तेल नाही दिलं कोणी. काहून?"

मी काही म्हणायच्या आत त्यांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या होत्या. हॅरल्डकाका खुर्चीतून बघत होते. पाच मिनिटं बघितलं असेल. मग उठले, टाय सोडला, खिशात कोंबला आणि मागाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले.

मी दुभाषी म्हणून मधे गेले तर बाबांनी मला हाताने बाजूला केलं. दोघं बोलत होते! आवाज नाही. नुसते ओठ हलवायचे, मोठे मोठे. बोटं, कोपर, भुवया. बाबा मागच्या चाकाकडे बोट करून तोंड वाकडं करायचे, हॅरल्डकाका मान हलवून दोन बोटं दाखवायचे. मिलच्या आवाजात शंभर माग चालू असताना माणसं अशीच बोलतात, हे मला माहीत होतं. नागपूरची आणि लँकेशायरची ही भाषा एकच असेल, हे मात्र माहीत नव्हतं.

तीन आठवडे हे चाललं. सडलेले दोरे काढले, हातभर रुंदीचे नवे ताणले. आणि एका दुपारी बाबांनी चाक फिरवलं. खट् खटाक! खट् खटाक! लायब्ररीच्या खिडक्या थरथरल्या. वाचणारी माणसं उठून आली. रस्त्यावरून दोन म्हाताऱ्या आत आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. लिंडाच्या डोळ्यांत पाणी, आणि तोंडाने सवयीने, "श्श! लायब्ररी आहे!"

घरी जाताना मी विचारलं, "बाबा, हॅरल्डकाका कसे वाटले?"

बाबांनी हाताचं तेल शर्टाला पुसलं. मग म्हणाले, "माणूस चांगला विणकर आहे. पण बोलते लय बाप्पा!"

*

पुढच्या वर्षी नोटीस आली. मिलच्या भिंतीला लागून असलेली नऊ घरांची रांग, वस्तीतली सगळ्यात जुनी, पाडून तिथे पार्किंग बांधायचं होतं. शहराच्या कौन्सिलपुढे सुनावणी ठेवली. ज्याला बोलायचंय त्याने नाव लिहायचं, प्रत्येकाला तीन मिनिटं.

डोरोथीबाईंनी मला न विचारता माझं नाव लिहून टाकलं.

"मी? मी व्हिसावर आहे. मला इथे मतसुद्धा नाही!"

"तोंड आहे ना?"

हॉल भरला होता. लिहून नेलेला कागद ओला झाला, शेवटी तो खाली ठेवला. मी सांगितलं, "नागपूरला आमचीही अशीच वस्ती होती. मिल बंद झाली, मग एकेक घर गेलं. आमच्याकडे एक फोटोसुद्धा नाही. माझी मुलगी इथे जन्मली. तिला मी माझं घर दाखवू शकत नाही. पण मिलजवळ माणसं कशी राहतात, हे मी तिला रोज तुमच्या गल्लीतून चालताना दाखवते. ही घरं पाडलीत तर मला दोन्हीकडची दाखवता येणार नाहीत." तीन मिनिटांतली दीड झाली होती. मी बसले.

मग बिल्डरचा वकील उठला. पन्नाशीचा, रुबाबदार. म्हणाला, "या भावनांबद्दल मला आदर आहे. पण मुद्दा साधा आहे. या नऊ घरांना कसलंही ऐतिहासिक महत्त्व नाही. या घरांत कधीही कोणी महत्त्वाचा माणूस राहिलेला नाही."

शेवटचं नाव डोरोथीबाईंचं होतं. त्या काठीच्या आधाराने उठल्या, माइकपाशी गेल्या, आणि कौन्सिलकडे न बघता वकिलाकडे वळल्या.

"केव्हिन," त्या म्हणाल्या, "तू तिसरीत माझ्या वर्गात होतास. रांगेतल्या दुसऱ्या घरात राहायचास. आजीजवळ. खिशात पाव घेऊन यायचास."

वकिलाचे कान लाल झाले.

"तुझं म्हणणं बरोबर आहे. कोणी महत्त्वाचा माणूस तिथे राहिला नाही." आणि त्या जागेवर येऊन बसल्या. त्यांची तीन मिनिटं वीस सेकंदांत झाली होती!

नऊपैकी चार घरं वाचली, पाच गेली. पाडायच्या दिवशी आम्ही सगळे समोरच्या फुटपाथवर उभे होतो. केव्हिनही आला होता. लांबच, एकटा उभा होता. डोरोथीबाई चालत त्याच्याजवळ गेल्या आणि शेवटची भिंत पडेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. काय बोलल्या विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही. त्याच्याकडे रुमाल नव्हता."

दुसरं घर वाचलेल्या चारांत नव्हतं.

*

मुलगी ईशा तीन वर्षांची झाली, प्रीस्कूलला जायला लागली. एकदा प्रशांत तिला आणायला गेला तर टीचर अगदी अदबीने म्हणाली, "मिस्टर पराते, तुम्ही लोक इंग्लंडचे आहात हे मला माहीतच नव्हतं!"

प्रशांतने गाडीत ईशाला विचारलं, "अगं, तू टीचरला काय सांगितलंस?"

"शी आस्क्ड व्हेअर वी आर फ्रॉम. आय सेड लिटल इंग्लंड."

"आपण नागपूरचे आहोत, बेटा."

"दॅट्स आजोबा," ईशा म्हणाली.

*

2007 चा उन्हाळा. लायब्ररीच्या आन्सरिंग मशीनवर एक मेसेज आला. लिंडाला तो चार वेळा ऐकावा लागला. इंग्लंडच्या बोल्टन गावच्या कोणी मिसेस कँटर म्हणून बाई होत्या. सव्वीस वर्षं तिथल्या मिलमध्ये काम केलेल्या. भाच्याच्या लग्नासाठी न्यू जर्सीत आल्या होत्या, आणि लिटल इंग्लंड बघायला गुरुवारी येणार होत्या. "उच्चार असे आहेत ना," लिंडा म्हणाली, "अस्सल! मला निम्मं कळलंच नाही!"

बोल्टन म्हटल्यावर हॅरल्डकाकांनी खुर्चीचा हात धरला. ते बोल्टनचे होते. वयाच्या सहाव्या वर्षी सोडलेलं ते गाव त्यांनी पुन्हा पाहिलं नव्हतं.

गुरुवारी जय्यत तयारी. डोरोथीबाईंनी घरून चिनी मातीचे कप आणले. लिंडाने काकडीची सँडविचेस केली आणि इंग्लंडचा छोटा झेंडा लावला. हॅरल्डकाका नव्वदीचे, तब्येत खालावलेली, तरी नवीन टाय लावून, काठी टेकत आले.

तीन वाजता दार उघडलं. सत्तरीच्या एक बाई आत आल्या. पांढरी साडी, वर राखाडी स्वेटर, पायांत स्पोर्ट्स शूज, हातात आयसेलिनच्या मिठाईच्या दुकानाची पिशवी. डोरोथीबाईंनी त्यांना हसून नमस्कार केला आणि त्यांच्या खांद्यावरून मागे बघायला लागल्या, मिसेस कँटर कुठे राहिल्या म्हणून.

"मीच ती," बाई म्हणाल्या. "कांता. कांताबेन."

पुढचं त्या जे बोलल्या ते इंग्लिश होतं, एवढंच मी सांगू शकते. शब्द गिळत, ओढत, मधेच हेल काढत, प्रत्येकाला 'लव्ह' म्हणत. गुजरातमधून लग्न होऊन बोल्टनला गेल्या, दुसऱ्याच महिन्यात मिलमध्ये लागल्या, आणि इंग्लिश शिकल्या ती शेजारच्या मागावरच्या बायकांकडून. शाळेत कधी गेल्याच नाहीत.

लिंडा माझ्या कानाशी कुजबुजली, "या इंग्लिश बोलतायत ना?"

डोरोथीबाईंनी ते ऐकलं. "या खोलीत त्या एकट्याच बोलतायत," त्या म्हणाल्या.

मी हॅरल्डकाकांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. एक हात कानामागे धरला होता, आणि ते कांताबेनच्या बाजूला इतके झुकले होते की मी खुर्ची धरली.

"पुन्हा बोला," ते म्हणाले.

कांताबेन थांबल्या. "काय बोलू, लव्ह?"

"काहीही." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "माझी आई अशी बोलायची. तिच्यानंतर मी हे ऐकलेलं नाही."

डोरोथीबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. कांताबेननी पिशवी खाली ठेवली, हॅरल्डकाकांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. थोडा विचार केला.

"तुमचं नाव काय?"

"हॅरल्ड."

तिकडे संध्याकाळच्या जेवणाला 'टी' म्हणतात. कांताबेननी कमरेवर हात ठेवला, मान वळवली आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारली, "हॅरल्ड! ए हॅरल्ड! टी मांडलाय टेबलावर! आत ये बघू, आणि आधी हात धू!"

हॅरल्डकाका उठले. काठी खुर्चीलाच राहिली. हळूहळू चालत खोलीच्या कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले, शर्टाच्या बाह्या वर केल्या, आणि साबण लावून दोन्ही हात नीट, मनगटापर्यंत धुतले.